हाती घेतलेले एक काम: शिक्षक व पुढारी यांसाठी अभ्यासपाठ

पाठाचा हेतू: शिकविणाऱ्याने व पुढारपण करणाऱ्याने आपले चित्त एका कामावर दीर्घकाळ कसे ठेवावे, त्यापासून कोणते फळ मिळते, आणि त्यात कोणते धोके आहेत, हे समजून घेणे.

खेड्यापाड्यांतील शाळा व मंडळ्या पाहत असता एक गोष्ट आम्हांस वारंवार आढळते. दोन गावे शेजारी असतात. दोन्ही ठिकाणचा शिक्षक कष्टाळू असतो, दोन्ही ठिकाणचे पुढारी सद्हेतूचे असतात. तरी एका गावी पाचसहा वर्षांत मुले नीट वाचू लागतात, हिशेब चोख राहतात, आणि एखादे काम ठरले की ते तडीस जाते. दुसऱ्या गावी आरंभ पुष्कळ होतात. रात्रीचा वर्ग निघतो, भजनीमंडळ निघते, बचतगट निघतो, वाचनालय निघते. आणि वर्ष उलटते न उलटते तोच त्या प्रत्येकाची केवळ पाटी उरते. दुसऱ्या गावचे लोक आळशी होते काय? मुळीच नाही. बहुधा ते पहिल्या गावापेक्षा अधिकच धावपळ करीत असतात.

शेतकऱ्यास हे कोडे सांगावे लागत नाही. विहिरीवर मोट असो की विजेचा पंप असो, पाणी ठराविकच येते. ते एका पाटाने नेले तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचते. तेच पाणी एकाच वेळी दहा ठिकाणी बारे फोडून सोडले, तर पाटाच्या तोंडाशी चिखल होतो आणि टोकाचे पीक वाळून जाते. मनुष्याचे अवधान हे असेच मोजके पाणी आहे.

१. अवधान म्हणजे काय?

पुष्कळांची अशी समजूत असते की, ज्याचे चित्त एकाग्र असते त्याचे मन कधी भटकतच नाही. ही समजूत चुकीची असून ती मनुष्यास निराश करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली मानसशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अवधानावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, केवळ इच्छेच्या बळावर मन एका वस्तूवर काही क्षणांपलीकडे टिकत नाही. ज्याला आपण दीर्घ अवधान म्हणतो, ते वस्तुतः भटकलेल्या मनाला पुनःपुन्हा परत आणण्याचे नाव आहे. आणि ही परत आणण्याची शक्ती जे शिक्षण वाढवील, तेच उत्तम शिक्षण होय.

या विचारात दुबळ्या मनुष्यासाठी मोठा दिलासा आहे. मन भटकले म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. बैल तासाबाहेर जातो. शहाणा नांगऱ्या त्याला हाकलून देत नाही, कासरा ओढून पुन्हा तासावर आणतो. दिवसातून शंभर वेळा आणावे लागले तरी संध्याकाळी रान नांगरलेले असते.

आता हीच गोष्ट एका दिवसाची नसून चाळीस-पन्नास वर्षांची असली, तर तिचे स्वरूप कसे दिसते हे एका प्रसिद्ध शिक्षकाच्या चरित्रातून पाहू.

२. मुरूडचा विद्यार्थी

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला व त्यांचे बालपण कोकणातील मुरूड या गावी गेले. घरची स्थिती बेताची होती. त्या काळी सरकारी परीक्षेसाठी दूरच्या शहरी जावे लागे. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास ते ही परीक्षा देण्यास सोबत्यांसह मुरूडहून पायी निघाले आणि पावसापाण्यातून, घाट चढून, शंभराहून अधिक मैलांची मजल करून साताऱ्यास पोहोचले. तेथे परीक्षक मंडळींनी त्यांच्याकडे पाहून सांगितले की, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस; परीक्षेस बसता येणार नाही. अंगलट लहान, एवढाच त्यांचा अपराध! ते आल्या वाटेने परत गेले, आणि पुढे पुन्हा प्रयत्न करून ती परीक्षा उत्तीर्ण झाले. इंग्रजी शिक्षण त्यांनी उशिराने हाती घेतले. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले, आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले.

या पूर्ववृत्तावरून एवढेच ध्यानात घ्यावे की, कर्वे हे अलौकिक बुद्धीचे किंवा गर्जून बोलणारे पुढारी नव्हते. ते संकोची स्वभावाचे होते. त्यांच्यापाशी जे होते ते इतकेच की, आल्या वाटेने परत जावे लागले तरी ते पुन्हा निघत.

३. हिंगण्याची वाट

त्या काळी उच्चवर्णीय कुटुंबांत दहाबारा वर्षांच्या मुली विधवा होत. डोक्यावरचे केस जात, पुनर्विवाहाचा मार्ग बंद असे, आणि उरलेले सारे आयुष्य दुसऱ्याच्या घरी राबण्यात जाई. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन उघडून अशा स्त्रियांस शिक्षणाचे दार मोकळे केले; ते सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. गोदूबाई नावाची तरुण विधवा या सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी होती. कर्व्यांची प्रथम पत्नी १८९१ साली वारली होती. त्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी विवाह केला. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. लोक त्यांस बाया कर्वे म्हणून ओळखतात. या विवाहामुळे मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला.

पुढे १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, आणि १९०० साली तो शहराबाहेर सुमारे चार मैलांवर हिंगणे येथे नेला. गोखले नावाच्या एका सद्गृहस्थाने जागा दिली होती. आरंभी तेथे एक झोपडी होती. आश्रम गावाबाहेर आणि नोकरी शहरात, म्हणून कर्व्यांचा क्रम असा पडला: दिवसा कॉलेजात गणित शिकवावे, सायंकाळी चालत हिंगण्यास जावे, तेथील स्त्रियांस शिकवावे, रात्री तेथे राहावे, आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट धरावी. रस्ता धड नव्हता; पावसाळ्यात चिखल तुडवावा लागे. सुटी आली की ते गावोगाव वर्गणीसाठी फिरत. कोणी चार आणे दिले तरी घेत, कोणी अपमान केला तरी ऐकून घेत.

या चालण्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. त्यात एकही दिवस वर्तमानपत्रात छापण्याजोगा नाही. कालची वाट आज, आजची वाट उद्या. विल्यम जेम्स यांनी मनाविषयी जे सांगितले, तेच येथे पायांनी केलेले दिसते: पुनःपुन्हा परत येणे. आज त्या हिंगण्यास कर्वेनगर म्हणतात, आणि त्या झोपडीच्या जागी वाढलेली स्त्रीशिक्षणाची संस्था अजून चालू आहे.

४. दुसरे चांगले काम बाजूला ठेवणे

मनुष्याचे अवधान वाईट कामांमुळे जितके फुटते, त्याहून अधिक चांगल्या कामांमुळे फुटते. कर्व्यांपुढे असाच प्रसंग होता. विधवाविवाहाच्या प्रचारासाठी त्यांनी १८९३ साली मंडळी काढली होती, आणि स्वतःच्या आचरणाने त्यांनी तो प्रश्न सोडविला होता. परंतु आश्रम म्हणजे पुनर्विवाह लावण्याचे ठिकाण, असा संशय पसरला असता तर कोणत्याही बापाने आपली मुलगी तेथे पाठविली नसती. म्हणून त्यांनी आश्रमाचे काम व पुनर्विवाहाचा प्रचार या दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या. आश्रमात शिक्षण, केवळ शिक्षण. मुलीने शिकून आपल्या पायांवर उभे राहावे, आणि पुढचा निर्णय तिने करावा.

सुधारकांपैकी काहींस ही माघार वाटली असेल. आमच्या मते हा पाटाचा बांध होता. पाणी ज्या वाफ्यास न्यावयाचे ठरले, त्याच वाफ्यास ते पोहोचावे म्हणून इतर बारी बुजवावी लागतात. ज्या पुढाऱ्यास कोणत्याही चांगल्या कामास ‘आता नाही’ असे नम्रपणे म्हणता येत नाही, त्याच्या हातून एकही काम पुरे होणार नाही.

५. निष्ठा आणि हेका

येथे एक शंका येईल. एकाच कामास चिकटून राहणे म्हणजे हेकेखोरपणा तर नव्हे? या दोहोंत भेद आहे. हेकट मनुष्य साधनास चिकटतो. निष्ठावान मनुष्य साध्यास चिकटतो. कर्व्यांचे साध्य स्त्रियांचे शिक्षण हे होते. साधने मात्र वाढत व बदलत गेली. विधवांच्या आश्रमानंतर १९०७ साली इतर मुलींसाठी महिला विद्यालय निघाले. १९०८ साली निरपेक्षपणे काम करणारे सेवक तयार व्हावेत म्हणून निष्काम कर्ममठ निघाला. पुढे जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. तिचा विचार मनात घोळून १९१५ च्या सामाजिक परिषदेत त्यांनी अध्यक्षपदावरून तशा विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली ते विद्यापीठ स्थापन केले. शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे ठरले. पहिल्या कॉलेजात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! चार वर्षांनी, १९२० साली, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली व त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. आज ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणून प्रसिद्ध आहे.

पाच विद्यार्थिनींवर जो विद्यापीठ चालवितो, त्यास आपण वेडा म्हणू. परंतु त्याच्या मागे वीस वर्षांची चाल होती. संख्या लहान पाहून थांबण्याची सवय त्यास राहिली नव्हती.

तरी या चित्राची दुसरी बाजू झाकणे बरोबर होणार नाही. एका मनुष्याचे अवधान एका कामावर असते, तेव्हा त्याची किंमत घरची माणसेही भरीत असतात. कर्व्यांचे लक्ष आश्रमाकडे असता संसाराची ओढाताण बायांनी सोसली. ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मचरित्रात बायांनी आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडले आहे. ते प्रत्येक पुढाऱ्याने व त्याच्या घरच्यांनी वाचण्यासारखे आहे.

दुसरीही एक गोष्ट. आश्रमाचे दार प्रारंभी मुख्यत्वे उच्चवर्णीय विधवांपुरतेच उघडे होते. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांस त्या दारातून आत जाता आले नसते. एका वाफ्याकडे पाणी नेताना कोणते शेत कोरडे राहिले, हा प्रश्न पुढाऱ्याने स्वतःस विचारलाच पाहिजे. कर्व्यांनी तो उत्तर आयुष्यात विचारला असे दिसते. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. आणि १९४४ साली जातिभेद व विषमता दूर व्हावी म्हणून समता संघ स्थापन केला. १९५८ साली, वयास शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.

६. शिक्षकाने वर्गात काय करावे?

कर्व्यांसारखे दीर्घायुष्य आपल्या हाती नाही. उद्याचा एक तास मात्र आहे. त्या तासासाठी पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, पाठाचा एकच हेतू असावा. वर्गात जाण्यापूर्वी शिक्षकाने एका ओळीत लिहावे: आज मुलांस अमुक एक गोष्ट आली पाहिजे. ‘हातच्याची वजाबाकी’ हा एक हेतू झाला. ‘गणित’ हा हेतू नव्हे. हेतू एका ओळीत मावत नसेल, तर तो अद्याप शिक्षकाच्याच मनात स्पष्ट झालेला नाही.

दुसरी गोष्ट, अवधानास विसावा पाहिजे. नॉर्मन मॅकवर्थ या संशोधकाने केंब्रिज येथे केलेले प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाले. विमानातून रडारवर पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्यांच्या नजरेतून काही वेळाने खुणा का निसटतात, हा मूळ प्रश्न होता. त्याने माणसांस घड्याळासारख्या तबकडीवरील काट्याकडे दोन तास पाहत बसविले. काटा अधूनमधून दुप्पट उडी घेई, ती ओळखावयाची. असे दिसले की, पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढतात. आणि अर्धा तास काम व अर्धा तास विसावा असा क्रम ठेवला तर नजर टिकते. जवान मोठ्या माणसांची जर ही स्थिती, तर सात वर्षांच्या मुलास तासभर एकाच तऱ्हेने बसवून ‘लक्ष दे’ म्हणून ओरडण्यात काय अर्थ आहे? थोडे ऐकवावे, थोडे म्हणवून घ्यावे, थोडे लिहवून घ्यावे. विषय तोच, रीत बदलावी.

तिसरी गोष्ट, शिकविलेल्याकडे पुन्हा परत यावे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीवर ग्रंथ लिहिला. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करी व किती विसरलो ते मोजी. पाठ केलेले प्रारंभी फार झपाट्याने विसरते, मग हळूहळू, असे त्यास आढळले. शिवाय, एका वेळी सलग ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवृत्तींनी साधले. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करविणाऱ्या शिक्षकाने हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. कालचा पाठ आज पाच मिनिटे, गेल्या आठवड्याचा पाठ शनिवारी दहा मिनिटे, एवढा नेम पुरे आहे.

चौथी गोष्ट, एक काम संपवून मग दुसरे धरावे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिले की, एक काम अपुरे टाकून दुसऱ्याकडे वळले असता मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो व दुसरे काम निकृष्ट होते. आमच्या घरच्या म्हाताऱ्या बायकांस हे ठाऊक होतेच: चुलीवर दूध ठेवून अंगणात गप्पा मारणारीचे लक्ष ना दुधात ना गप्पांत. हजेरी भरता भरता शिकविणे, शिकविता शिकविता मोबाईल पाहणे, ही त्याच जातीची कामे आहेत. तासापुरता मोबाईल पेटीत ठेवावा. शिक्षकाचे डोळे खिशाकडे गेले की वर्गाचे डोळे खिडकीकडे जातात.

७. पुढाऱ्याने काय करावे?

पंच असो, मंडळीचा वडील असो, बचतगटाची अध्यक्षा असो, प्रत्येकाने वर्षाच्या आरंभी सर्वांच्या संमतीने एक मुख्य काम ठरवावे. ते मोजता येण्यासारखे असावे. ‘गावाची उन्नती’ मोजता येत नाही. ‘आपल्या वस्तीतील प्रत्येक दहा वर्षांच्या मुलास वाचता यावे’ हे मोजता येते. मग प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न त्याच कामाचा घ्यावा, भांडणाचा किंवा नव्या सूचनेचा नव्हे. महिन्याकाठी एका वहीत चार ओळी लिहाव्या: काय झाले, काय राहिले, कोणी करावयाचे, केव्हापर्यंत.

नवी सूचना घेऊन येणाऱ्याचा अपमान करू नये. तिची नोंद करावी, तिची पाळी केव्हा येईल ते सांगावे, आणि ती पाळी खरोखर आणावी. अशाने माणसे दुखावत नाहीत व पाटही फुटत नाही.

शेवटची व कठीण गोष्ट ही की, पुढाऱ्याने आपले अवधान दुसऱ्यांत पेरावे. जे काम एकट्याच्या पायांवर चालते, ते त्याच्या पायांबरोबर थांबते. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ही विधवा होऊन पुण्यास आली, मोठ्या वयात शिकू लागली, आणि पुढे त्याच आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणारी खंबीर कार्यकर्ती झाली. त्या कामासाठी ती अमेरिकेपर्यंत जाऊन आली. जिला शिकविले तीच शिकविणाऱ्याच्या शेजारी उभी राहिली. अवधानाचे याहून चांगले फळ आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्या हाती जे एक काम आले आहे ते लहान आहे म्हणून कष्टी होऊ नका. पाच मुलांचा वर्ग, दहा घरांची वस्ती, एक रात्रशाळा. ते नीट ओळखा, त्याच्या आड येणारी दोनतीन कामे तूर्त बाजूला ठेवा, आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच वाटेने निघा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दीर्घ अवधान म्हणजे मन न भटकणे नव्हे, तर काय? आपल्या शेतीच्या कामातील एक उदाहरण द्या.
२. कर्व्यांनी आश्रमाचे शिक्षण व पुनर्विवाहाचा प्रचार वेगळे का ठेविले? आपण त्यांच्या जागी असता तर काय केले असते?
३. हेका व निष्ठा यांत भेद कोणता? आपल्या गावातील एका कामास हा भेद लावून पाहा.
४. आपल्या मुख्य कामामुळे घरातील किंवा गावातील कोण कोरडे राहत आहे काय? त्याविषयी काय करता येईल?
५. शिक्षकांनी उद्याच्या पाठाचा हेतू एका ओळीत लिहावा. पुढाऱ्यांनी या वर्षाचे एक मोजता येणारे काम लिहावे. पुढील सभेत ती ओळ सर्वांपुढे वाचून दाखवावी.